गाणं जुनंच आहे

"पार्टीच नाही म्हणते वं तिथं! ना झेंडा, ना चिन्ह. नुसतं नाव!"

नत्थुजींनी फोन कानापासून काढला आणि बायकोकडे असं पाहिलं, जशी ही गैरसोय तिनंच करून ठेवली होती. इंदूबाई अंगणात अंबाडी निवडत बसली होती. अमरावतीच्या साईनगरातलं हे घर. मोर्शीकडची संत्र्याची बाग बटईनं देऊन दोघं म्हातारी इथं येऊन राहिली होती, त्यालाही आता बराच काळ लोटला होता. एकुलती एक लेक, दामिनी, अमेरिकेत. टेक्सासातल्या एका अफाट शहरात ती पाण्याच्या आणि गटारांच्या कामाची इंजिनीअर म्हणून गेली, तिथंच रमली, नगरसेवक झाली आणि आता त्या शहराच्या महापौरपदाला उभी राहिली होती. शहराचं नाव इंदूबाईच्या तोंडात नीट बसायचं नाही. ती त्याला 'दामिनीचं गाव' म्हणायची. गाव म्हटलं की ते जरा जवळ सरकायचं.

"चिन्ह नाही तं लोक बटण कशावर दाबतीन?" नत्थुजींचा जीव तिथंच अडकला होता. "आपल्या ग्रामपंचायतीत बी पार्टी नसते, पण कपबशी असते, छत्री असते. म्हाताऱ्या माणसाले कपबशी दिसते. नाव कोण वाचते?"

"तिथले म्हातारे वाचत असतीन."

"मंग जात पाहत असतीन. नाव पाहिलं की जात समजते."

"बाबा!" नत्थुजींच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. तो बंदच झाला नव्हता. दामिनी हसत होती. "बाबा, आईले द्या फोन. तुमी नका प्रचार करू माहा."

दामिनीनं आईला नीट समजावून सांगितलं. सगळ्या उमेदवारांची नावं एका कागदावर, कोणाच्याही नावापुढे पक्ष नाही. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर पहिल्या दोघांची पुन्हा निवडणूक. पाठीशी पक्ष नाही म्हणून लोक माणूसच पाहतात. त्याचं घर पाहतात, बोलणं पाहतात, आईबाप कोण ते पाहतात.

"म्हणून तुहं गाणं पायजे आई. इथं आपले मराठी लोक ढिगानं हायेत, पण मतदानाच्या दिवशी घरी झोपून राहतात. भुलाबाईचं गाणं आयकलं तं उठतीन. तू म्हणजो, कोणी तरी फोनवर घेईन. दोन मिनिटाचं."

"माह्या गाण्यानं तिथं काय होते वं?"

"इथं सगळ्यायले माहीत हाये, माही आई गाणी रचते म्हणून. मीच सांगत असतो सगळ्यायले," दामिनी घाईत म्हणाली, आणि तिकडे कोणीतरी तिला हाक मारली.

इंदूबाईनं अंबाडीची टोपली बाजूला सारली. लेकीनं काही मागण्याचे दिवस संपले असं तिला वाटत होतं. आता पुन्हा काहीतरी मागितलं होतं, आणि तेही नेमकं तिच्याजवळ होतं ते.

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत राहते. तेवढा महिना वऱ्हाडातल्या पोरी घराघरांतून तिची गाणी म्हणतात. ती गाणी कोणाची, हे कोणी विचारत नाही. कोण्या आजीनं एक ओळ जोडली, कोण्या सुनेनं रडत दुसरी, आणि गाणं पुढं चालत गेलं, नावाचा टिळा न लावता. इंदूबाईच्या तोंडातून मात्र नव्या ओळी निघायच्या आणि साईनगरातल्या बायकांना त्या ठाऊक असायच्या. टाकीचं पाणी आलं नाही तर त्यावर कडवं, गॅसचा भाव वाढला तर त्यावर कडवं. लग्नात तर तिला मुद्दाम बोलवायचे. वरमायला नाव ठेवणारी गाणी तिच्यासारखी कोणाला जमत नसत. विहिणीचं नाक केवढं, तिच्या घरचं वरण किती पातळ, तिनं आणलेल्या लुगड्यातून ऊन कसं दिसतं, सगळं चालीत, टाळीवर. विहीण चिडत नसे. उलट जिच्यावर गाणं झालं नाही ती विहीण रुसायची. तिचा मान राहिला नाही असं व्हायचं.

दोन दिवस इंदूबाई गुणगुणत राहिली. भाकरी थापताना एक ओळ आली, न्हाणीत दुसरी. मग दुपारी तिनं वरच्या मजल्यावरच्या प्राजक्ताला हाक मारली. प्राजक्ता भाडेकरू, नवरा बँकेत, माहेर अकोल्याचं. पोरगी गोड होती. इंदूबाईला मेसेज वाचून दाखवायची, औषधांची वेळ सांगायची. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, घरात लेकरू नव्हतं. त्याबद्दल इंदूबाईनं तिला कधीच काही विचारलं नव्हतं. ती मनात म्हणायची, आपल्याला ठाऊक आहे ते दुःख, आपण नाही विचारायचं.

अंगणात तुळशीजवळ पाट मांडला. प्राजक्तानं फोन धरला. इंदूबाईनं पदर डोक्यावर घेतला, टाळी धरली आणि गायला लागली.

सातासमुद्रापार गं माही एक लेक,
गावाच्या कुलपाची चावी मागे एक.
चावी कशाची गं? नळाच्या पाण्याची,
चावी कशाची गं? दिव्याच्या खांबाची,
चावी कशाची गं? पुराच्या बांधाची,
दे रे गावा चावी, लेक आहे कामाची!

"काय भारी झालं काकू!" प्राजक्ता म्हणाली. "पाठवू?"

"थांब. अर्धं झालं. समोरच्या पार्टीचं नाव कोण घेईन?"

"पार्टीच नाही ना तिथं."

"बाई तं हाये ना समोर."

समोरची बाई म्हणजे हेन्लीबाई. शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या शहराच्या ओळखीची. दामिनीनंच फोनवर सांगितलं होतं. हेन्लीबाई प्रत्येक सभेत म्हणते, मला मूलबाळ नाही, हे शहरच माझं मूल. तेवढं म्हटलं की लोकांचे डोळे भरतात. आई, तिच्यापुढं मी कालची आलेली पोट्टी. त्या एका वाक्यापुढं माझी सगळी गटारं वाहून जातात.

ते वाक्य इंदूबाईच्या डोक्यात बसलं होतं. दोन दिवस ती त्याच्याभोवती फिरत होती, कुठून फुटेल ते पाहत. आणि ते कुठून फुटेल हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

समोरची बाई गं, मोठी मिजासखोर,
म्हणे सारं गाव हेच माहं पोर.
पाळणा रिकामा गं, अंगाई गाते,
वांझेच्या हाती का गाव कोणी देते?

शेवटच्या ओळीवर तिनं टाळी वाजवली, ती मोठी वाजली. यमक अंगठीतल्या खड्यासारखं बसलं होतं. गाणारीला त्याचा आनंद लपवता येत नाही, तो तिच्या तोंडावर आला.

प्राजक्तानं फोन खाली केला. थोडा वेळ ती त्याच्या काचेवर बोट फिरवत राहिली.

"काकू, शेवटचं कडवं ठेवायचं?"

"ठेव वं. गाण्याले ठसका नको का?"

"हो," प्राजक्ता म्हणाली. तिनं पाठवलं, आणि वर कपडे वाळत घालायचे राहिलेत म्हणून निघून गेली.

दामिनीनं गाणं गाडीत ऐकलं, अर्धंच. चावीचं कडवं संपलं तशी ती कुठल्याशा सभेला पोहोचली. तिनं तसंच ते मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. आईचं होतं, तपासायचं काय त्यात? तिथल्या बायकांनी ते उचललं, कोजागिरीला दुधाची भांडी मांडून त्या गाण्यावर फेर धरला, व्हिडिओ केले. नत्थुजी प्रत्येक व्हिडिओ मोठ्या आवाजात लावायचे आणि गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे. "पाहा. अमेरिकेत बाप्पा! पार्टीबिगर!"

मतं मोजली तेव्हा हेन्लीबाई पहिली होती, दामिनी दुसरी. निम्म्याचा आकडा कोणीच ओलांडला नव्हता. डिसेंबरात दोघींची पुन्हा निवडणूक लागली. आणि आता दोघीच उरल्या म्हटल्यावर लोक दोघींचं सगळं उकलून पाहू लागले. कोणीतरी गाणं इंग्रजीत केलं.

ते छापून आलं त्या सकाळी प्राजक्ता खाली आली नाही. इंदूबाईच जिना चढून वर गेली, फोन घेऊन. "पाहा वं, दामिनीचा फोटू दिसते. काय लिहिलं?"

प्राजक्तानं वाचलं. मग म्हणाली, "तुमचंच लिहिलं हाये काकू. इंग्रजीत."

"म्हंजे?"

"गाणं. शेवटचं कडवं."

"बरं लिहिलं की वाईट?"

"काही लिहिलं नाही. नुसतं कडवं दिलं आहे, आणि खाली लिहिलं, उमेदवाराची आई."

मग तिनं ते परत मराठीत करून सांगितलं, शब्दाला शब्द. चाल नव्हती, टाळी नव्हती, गं नव्हता. एका बाईचा पाळणा रिकामा आहे. तिला मूल होत नाही. तिच्या हाती गाव देऊ नका. एवढंच उरलं होतं, चौकात कोणाला उघडं आणून उभं करावं तसं.

"असं नसते वं ते," इंदूबाई म्हणाली. "विहिणीले नाही का म्हणत आपण? मजाक असते ते. मान असते."

"हो काकू."

"तिथल्या लोकायले आपली रीत काय माहीत?"

"हो," प्राजक्ता पुन्हा म्हणाली आणि गॅसवरचं दूध पाहायला वळली. दूध अजून थंडच होतं.

हेन्लीबाईचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही प्राजक्तानंच सांगितलं. पिकल्या केसांची, जाड चष्म्याची बाई. कोणीतरी तिच्यापुढं माईक धरला होता. ती म्हणाली, मला मूल नाही हे खरं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या आईवर माझा राग नाही. माझी आई जिवंत असती, तर तीही माझ्यासाठी असंच काहीतरी गायली असती. एवढं बोलून ती चष्मा पुसत निघून गेली.

ती चिडली असती, तिनं शिवी दिली असती, तर इंदूबाईला सोपं गेलं असतं. गाण्यातल्या भांडणाला भांडणानं उत्तर मिळालं असतं. हे असं कोणी समजून घ्यायला लागलं की माणसानं कुठं पाहावं?

त्या रात्रीपासून तिचं जेवण कमी झालं. दामिनी व्हायच्या आधीची मोर्शीची वर्षं तिनं एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली होती, ती आपोआप खाली येऊ लागली. कोण्या जावेच्या घरचं बारसं. बाळ इंदूबाईच्या मांडीवर आलं, आणि जावेच्या आईनं येऊन ते उचललं, अगदी हळू, हसत, "याले भूक लागली अशीन" म्हणत. बाळाला भूक नव्हती. ते झोपलं होतं. ओटी भरताना ताट तिच्यापाशी यायचं आणि वळण घेऊन पुढं जायचं. तो शब्द तिच्या तोंडावर कोणी म्हटला नाही कधी. पाठ वळली की म्हणायचे, आणि तिची पाठ तेव्हा फार लांबचं ऐकायला शिकली होती.

तोच शब्द तिनं टाळीवर घेतला होता. यमकात बसवला होता. आणि बसला तेव्हा तिला आनंद झाला होता.

दामिनीचा फोन सकाळी आला. तिच्याकडे संध्याकाळ होती. चेहरा उतरला होता. आधी तिनं बाबांची शुगर विचारली. मग त्यांच्या गोळ्या.

"माहं चुकलं वं दामिनी," इंदूबाईच म्हणाली.

"माहं चुकलं. मी पूर्ण आयकलंच नाही." दामिनीनं डोळे चोळले. "आई, एक करशीन का? आमची माणसं म्हणतात, एकच रस्ता हाये. तू फोनवर सांगजो की गाणं जुनं हाये. आजी-पणजीच्या वेळचं. तू नुसतं म्हटलं."

इंदूबाईला आधी कळलंच नाही. "जुनं कसं? त्यात तुही चावी हाये. नळ हाये."

"पहिलं कडवं तुहं. दुसरं जुनं. लग्नातलं, विहिणीवरचं. कोण शोधाले जाते आई? भुलाबाईच्या गाण्याखाली कोणाची सही असते?"

खरंच होतं. कोणाचीच सही नसते. हजार मेलेल्या बायांच्या पदराखाली एक कडवं सरकवून द्यायचं, त्या काय उठून नाही म्हणणार होत्या? इंदूबाईनं लेकीकडे पाहिलं. दामिनी तिच्याकडे पाहत नव्हती. फोनच्या कोपऱ्यात कुठंतरी पाहत होती. लहानपणी खोटं बोलताना ती अशीच भिंतीकडे पाहायची.

"तुले वाटते म्हणून मी सांगीन," इंदूबाई म्हणाली.

पुन्हा तुळशीजवळ पाट मांडला. फोन धरायला पुन्हा प्राजक्ताच होती, दुसरं कोण असणार? इंदूबाईनं हात जोडले. "हे कडवं माहं नाही जी. आमच्या आज्यायचं, पणज्यायचं हाये. लग्नात विहिणीले चिडवाले म्हणतात. मी म्हातारी, मले समजलं नाही, कोठी म्हणावं, कोठी नाही. त्या बाईनं वाईट वाटून घेऊ नये." ती चांगलं बोलली. आवाज जिथं हलायला हवा तिथं हलला. प्राजक्तानं पाठवलं आणि या वेळी काही विचारलं नाही.

नत्थुजी दारात उभं राहून ऐकत होते. "खोटं बोलली, पण फस्कलास बोलली," ते म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही, आणि ते उगाच अंगणात नळाची तोटी आवळत बसले.

तिकडं वारं फिरलं. लोककला, परंपरा, म्हातारी आई, असं सगळं लिहून आलं. कोणी विदुषीनं तर भारतीय लग्नांतल्या शिव्यांच्या गाण्यांवर लेखच लिहिला. दामिनी निवडून आली, थोड्या मतांनी. हेन्लीबाईनं तिला सगळ्यात आधी फोन करून अभिनंदन केलं. शपथ जानेवारीत होती.

आणि इकडं सत्कार सुरू झाले. अमरावतीचे एक-दोन इंदूबाईनं तब्येतीचं कारण सांगून टाळले. अकोल्याचा टळला नाही. जठारपेठेतल्या महिला मंडळानं मंगल कार्यालय घेतलं होतं, आणि मंडळात प्राजक्ताची आई होती. प्राजक्ताच त्यांना गाडीतून घेऊन गेली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, नत्थुजी वाटेतल्या प्रत्येक धाब्यावर चहा पिऊ म्हणत होते. इंदूबाई खिडकीतून तुरीची शेतं पाहत होती. प्राजक्ता गाडी चालवत होती आणि रेडिओ लावला होता, म्हणजे कोणाला बोलायला नको.

दोघांना शाल दिली, नारळ दिला. समोर उभ्या केलेल्या फोनवर सगळं थेट तिकडं दिसत होतं. दामिनीही पाहते आहे असं सूत्रसंचालक चंदन सरांनी जाहीर केलं. सर कॉलेजात मराठी शिकवायचे. ते म्हणाले, "ज्या गाण्यानं अमेरिकेतली निवडणूक गाजवली, ते आपल्या वऱ्हाडाचं शेकडो वर्षांचं धन आहे. कोण्या अनामिक आजीनं ते जात्यावर रचलं, आणि इंदूबाईंनी ते जिवापाड जपलं. आपल्या भगिनी ते आता सादर करतील."

नऊवारी नेसलेल्या बायका पुढं आल्या. फेर धरला. चावीचं कडवं झालं, मग दुसरं. आता ते धन झालं होतं, त्यामुळे कोणाला त्याचा संकोच नव्हता. वांझेच्या हाती का गाव कोणी देते, असं म्हणत त्यांनी टाळी दिली आणि सभागृहानंही दिली. हौसेनं कोणी 'वन्स मोअर' म्हणालं. त्यांनी पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या रांगेत प्राजक्ता आईशेजारी बसली होती. पहिल्या वेळी तिची आई टाळी वाजवत होती. दुसऱ्या वेळी तिचे हात एकमेकांत अडकून मांडीवर पडले. प्राजक्ता ओठांवर हसू धरून समोर पाहत होती. ते हसू इंदूबाईनं ओळखलं. मोर्शीला तिनं स्वतः ते कित्येक वर्षं वापरलं होतं.

"आता इंदूबाईंनी दोन शब्द बोलावे."

ती माईकपाशी आली. शाल खांद्यावरून घसरत होती. "मले बोलता येत नाही," ती म्हणाली. "गाता येते. हे कडवं जुनं नाही. माहं हाये. मी रचलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा!" चंदन सर दुसऱ्या माईकवर ओरडले. "म्हणजे प्रत्यक्ष लोककवयित्रीच आपल्यासमोर उभी आहे! केवढा हा विनय, आजवर नाव सांगितलं नाही!"

इंदूबाई खरं बोलली तरी ते हारच घालत होते.

"टाळ्या नका वाजवू वो," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. मग ती लग्नात फेर थांबवताना ओरडायची तशी ओरडली. "थांबा म्हणतो ना मी!"

थांबले.

"माह्या आजीनं लय विहिणींवर गाणी केली. नाक काढलं, दात काढले, पातळ वरण काढलं. कोणाच्या कुशीवर बोलली नाही ते कदी. माह्या पापावर मी तिचं नाव घातलं. मेलेली हाये ते, कोठी येते नाही म्हणाले." तिनं माईकची दांडी धरली. "मले बी लय वर्षं लेकरू नव्हतं. मले ठाऊक होतं कोठी लागते ते. म्हणूनच तिथं मारलं. गाणं गमतीचं नव्हतं जी. आणि मंग मी फोनवर सांगितलं का जुनं हाये, तेबी खोटं होतं. पोरीसाठी बोलली. बस."

चंदन सर समोरचा फोन बंद करायला धावले. त्यांच्या पायात वायर अडकली. फेरातल्या बायका अजून तिथंच उभ्या होत्या, एकमेकींचे हात सोडावे की धरावे हे न समजून. नत्थुजींनी आपल्या खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी केली आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

मग कोणीतरी चहा आणायला सांगितलं आणि सगळ्यांना एकदम उठायला कारण मिळालं.

जिन्याशी प्राजक्ता भेटली. गाडीची किल्ली हातात होती.

"तू त्या दिवशी पुसलं होतं मले," इंदूबाई म्हणाली. "ठेवायचं का म्हणून. मंग नका ठेवू म्हणून सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कावून?" प्राजक्ता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मग मले बोलावं लागलं असतं काकू."

इंदूबाईचा हात प्राजक्ताच्या दंडाकडे गेला. प्राजक्तानं तो झटकला नाही, धरलाही नाही. "मी गाडी पुढं आणतो," म्हणाली आणि उतरून गेली.

नत्थुजी मागून आले. फोन पुढं केला. "दामिनी हाये."

तिथं नुकतं उजाडलं होतं.

"आयकलं का वं?" इंदूबाईनं विचारलं.

"सगळं आयकलं. या खेपेला शेवटपर्यंत."

"तुहं नाव मी घेतलं नाही. तुले कोणी काही म्हणणार नाही."

"मले विचारतीन ना आई. मंग काय सांगू? म्हातारीनं आपल्या मनानं केलं?"

"तसंच सांगजो. मी हो म्हणीन."

"नाही." दामिनीनं तिला तोडलं. "मीच तुले तसं बोलाले लावलं. आता पुन्हा तुह्यावर ढकलू? मी सांगीन मीच म्हटलं होतं म्हणून."

"पद जाईन का तुहं?"

"पद नाही जात. थोड्या मतांनी आली होती मी आई. आता ज्यायनं मत दिलं, ते मनात मोजत बसतीन, आपण कशाले दिलं म्हणून. बसू दे." ती थांबली. "मले राग आला होता तुहा. तू उभी राहिली तवा. बंद कर म्हणून ओरडली मी फोनवर इथं."

"येऊ दे राग."

खाली रस्त्यावर प्राजक्तानं गाडी आणून लावली होती आणि ती आत बसून समोर पाहत होती. इंदूबाई जिन्याच्या कठड्याला टेकली.

"दामिनी, त्या बाईचा नंबर हाये का तुह्याजवळ? हेन्लीबाईचा?"

"हाये. पहाटेच उठते ते. चालाले जाते." मग तिच्या लक्षात आलं. "आई, तू इंग्रजीत काय बोलशीन?"

"मी मराठीत बोलीन. तू तिले सांगजो. कमी करू नको अन् गोड बी करू नको. मी म्हणीन तसंच सांगजो."

फोनमध्ये खुटखुट झालं, आणि दूर कुठंतरी घंटी वाजू लागली. नत्थुजी जिन्यावर खाली बसले. घंटी वाजत राहिली. इंदूबाईला वाटलं, नाही उचलणार. मनाच्या एका कोपऱ्याला तेच हवंही होतं, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

घंटी थांबली. "हॅलो?" एक म्हातारा, धाप लागलेला आवाज आला. चालत असावी. दामिनी तिच्याशी इंग्रजीत थोडं बोलली, आणि मग तिकडं कोणीतरी ऐकत असल्यासारखी शांतता झाली.

"बोल आई," दामिनी म्हणाली.

शब्द आले ते आधी चालीतच आले, सवयीनं. इंदूबाईनं ते तोंडातच थांबवले.

"बाई," ती म्हणाली, "मी दामिनीची आई बोलून राहिली."